हाडेसर नाडी बघतात

विभागप्रमुखाची खुर्ची आपल्यालाच मिळणार, याबद्दल हाडेसरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. हे त्यांनी सकाळी दात घासताना बायकोला सांगितलं, कॉलेजात गेल्यावर स्टाफरूमला सांगितलं आणि स्टाफरूममध्ये कोणीच मान वर केली नाही म्हणून भिंतीला टांगलेल्या सांगाड्यालाही सांगितलं. सांगाडा हसला. पण तो सगळ्यांनाच हसतो.

हाडेसर हे त्यांचं आडनाव नव्हे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींनी ठेवलेलं ते नाव होतं. सर शरीररचना शिकवत. माणसाच्या अंगात कुठे काय आहे, कशाच्या वर काय, कशाच्या मागे काय दडलंय, हे ते झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगत. फक्त ते काय काम करतं, असं विचारायचं नाही. विचारलंच तर सर खडू खाली ठेवत आणि म्हणत, "तो आपला विषय नाही. बाईंना विचारा."

बाई म्हणजे त्यांचीच बायको. त्याच कॉलेजात, त्याच मुलींना त्या शरीरक्रिया शिकवत आणि मुली त्यांना नाडीबाई म्हणत. खरं तर अभ्यासक्रमात विषय एक, पुस्तक एक, परीक्षेचा पेपरही एक. पण कोणा जुन्या प्राचार्यांनी भांडण मिटवायला त्याचे दोन तुकडे केले होते आणि ते तसेच राहिले. त्यामुळे हृदय सोमवारी सरांच्या तासाला यायचं तेव्हा नुसतं जागेवर बसलेलं असायचं. बुधवारी बाईंकडे गेलं की धडधडू लागायचं.

घरीही हीच वाटणी. कात्री कुठे आहे हे सर अचूक सांगत: कपाटाच्या वरच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात, लोकरीच्या पिशवीच्या मागे. पण उठून ती आणणं ही क्रिया झाली, आणि क्रिया बाईंच्या अखत्यारीत. लग्न झाल्यापासून सरांनी ही हद्द एकदाही ओलांडली नव्हती. याला ते विषयनिष्ठा म्हणत.

तर अशा सुखाने चाललेल्या संसारात अध्यक्षसाहेबांनी खडा टाकला. हे संस्थेचे अध्यक्ष. मूळचा धंदा फरशांचा. त्यात दोन गोदामं रिकामी पडली, तेव्हा त्यांना शिक्षणाची तळमळ लागली आणि कॉलेज निघालं. वर्गात अजूनही खाली एक आणि भिंतीला दुसरी अशी उरलेली फरशी होती. साहेबांनी एके दिवशी वेळापत्रकावर नजर टाकली आणि विचारलं, एका शरीराला दोन डोकी कशाला? दोन्ही विभाग एक करा. प्रमुख एक नेमा. ज्याला दोन्ही विषय येतात तो प्रमुख. आणि कोणाला काय येतं ते आपण स्वतः वर्गात बसून पाहू. बाईंनी सरांचं शिकवायचं, सरांनी बाईंचं.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. बाईंना ते पद हवं होतं. सरांपेक्षा जास्त हवं होतं. परीक्षेच्या तारखांपासून प्रयोगशाळेतल्या फुटक्या काचेपर्यंत दोन्ही विभागांचं सगळं त्याच निस्तरत होत्या, आणि निस्तरणारीला एकदा तरी कोणी प्रमुख म्हणावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण त्या तसं बोलल्या नव्हत्या, आणि घरात जे बोललं जात नाही ते नसतंच, अशी सरांची ठाम समजूत होती. तिला कशाला हवंय पद, तिने कधी मागितलंय काही? उलट सरांना भीती एकाच गोष्टीची होती. बायकोच्या हाताखाली काम करावं लागलं तर रजेचा अर्ज कोणत्या तोंडाने द्यायचा?

बाईंनी चांगल्या मनाने सुचवून पाहिलं. तुम्ही मला मनगटाची हाडं सांगा, मी तुम्हाला नाडी बघायला शिकवते. सर हसले.

"अगं, ज्याला घराचा नकाशा तोंडपाठ आहे त्याला घरात राहायला शिकवावं लागत नाही."

"नकाशात कोणी राहत नाही," बाई म्हणाल्या आणि हाडांचं पुस्तक उघडून भाजी चिरायला बसल्या. पुढचे काही दिवस त्या पुस्तकाला कांद्याचा वास येत होता. सरांनीही तयारी केली नाही असं नाही. त्यांनी नवा कोट शिवायला टाकला.

ठरलेल्या दिवशी पहिल्या वर्षाच्या वर्गात पुढच्या बाकावर अध्यक्षसाहेब बसले. बाक मुलींच्या मापाचा असल्यामुळे साहेब त्यात बसले म्हणण्यापेक्षा बाकाने साहेबांना धरून ठेवलं होतं. आधी बाईंचा तास झाला. त्यांनी मनगटाच्या हाडांची नावं फळ्यावर लिहिलीच नाहीत. मुलींना मूठ वळायला लावली, दार उघडल्यासारखा हात फिरवायला लावला आणि प्रत्येक हालचालीला कुठलं हाड कुठे सरकतं ते बोट लावून दाखवलं. मुली हात फिरवत राहिल्या. साहेबांनीही बाकाखाली गुपचूप मूठ वळून पाहिली. सरांनी शेजारच्या भिंतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, की दोन हाडांचा क्रम उलटा झाला.

मग सर उठले. विषय साहेबांनीच दिला होता: नाडी. सरांनी फळ्यावर हात काढला, आणि खोटं कशाला बोला, हात फार देखणा काढला. अंगठ्याच्या बाजूचं हाड, त्याच्यावरून जाणारी लाल रक्तवाहिनी, तिचा फाटा, फाट्याचा फाटा, सगळं रंगीत खडूंनी. साहेब खूश झाले. सर एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सरांच्या घरी पेढ्यांचा पुडा आला असता. पण साहेबांनी बाही वर सारली आणि मांसल मनगट पुढे केलं.

"चित्र झालं. आता माझी बघा."

सरांनी आजवर असंख्य मनगटं हाताळली होती. पण ती एकतर प्लॅस्टिकची होती, नाहीतर त्यांचे मालक तक्रार करण्याच्या पलीकडे गेलेले होते. गरम, घामेजलेलं, घड्याळाचा पट्टा रुतलेलं मनगट त्यांनी प्रथमच हातात घेतलं. पण चेहऱ्यावर त्यांनी तसं दिसू दिलं नाही. रुबाबात अंगठा टेकवला आणि डोळे मिटले.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाडी बघायला अंगठा वापरत नाहीत. अंगठ्यात आपलीच नाडी उडत असते, आणि बघणाऱ्याला वाटतं ती समोरच्याची. हे नर्सिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. बुधवारी शिकवतात, म्हणून सरांना माहीत नव्हतं.

सरांची स्वतःची नाडी त्या वेळी काय धावत असेल ते सांगायला नको. पद, अध्यक्ष, नवा कोट, मागे बसलेली बायको. अंगठ्याखाली टपटप टपटप जाणवून सरांचे डोळे उघडले.

"साहेब, फारच धावतेय हो," ते म्हणाले.

साहेबांचा रंग बदलला. "म्हणजे किती?"

"मोजता येत नाही इतकी."

मागच्या बाकावरून बाई खोकल्या. सरांनी तिकडे पाहिलं तर बाई आपला अंगठा वर करून तो मुठीत लपवून दाखवत होत्या. सरांना वाटलं, शाबासकी देतेय. त्यांनी अंगठा आणखी दाबला. बाई पुन्हा खोकल्या आणि या वेळी स्पष्ट म्हणाल्या, "अहो, अंगठा काढा." भर वर्गात बायकोने चूक दाखवली याचा सरांना असा राग आला, की त्यांनी अंगठा तर काढला, पण त्या जागी चारही बोटं एखाद्या शिकंज्यासारखी आवळली. तेवढ्या दाबाखाली रक्तवाहिनी काय करणार बिचारी? ती गप्प झाली.

सरांनी वाट पाहिली. बोटं सरकवून पाहिली. आणखी दाबलं. साहेबांच्या बोटांचे शेंडे पांढरे पडले.

"लागत नाही," सर म्हणाले. "आत्ता धावत होती. आता थांबली."

हे ऐकताच पहिल्या वर्षाच्या मुली उठल्या. त्यांचा काही दोष नाही. नाडी थांबली की विचार करत बसायचं नाही, माणूस आडवा करायचा आणि मदतीला हाक मारायची, हे नाडीबाईंनी त्यांच्याकडून इतक्या वेळा घोटून घेतलं होतं की त्यांच्या हातापायांनाच ते पाठ झालं होतं. बघता बघता त्यांनी साहेबांना बाकातून उपटून टेबलावर आडवं केलं. एकीने पाय वर धरले, दुसरीने पट्टा सैल केला, तिसरीने शर्टाची बटणं काढता काढता दोन तोडली. साहेब ओरडत होते, की मला काही झालं नाही. त्यावर पाय धरणारीने त्यांना फार गोड आवाजात समजावलं, "घाबरू नका, आम्ही आहोत ना." आणि सर टेबलाभोवती फिरत मुलींना सांगत होते, की हात ठेवाल ती बरगडी कितवी आहे ते आधी मोजा.

बाई पुढे धावल्या नसत्या तर पुढे काय झालं असतं याचा विचार न केलेला बरा. त्यांनी मुलींना बाजूला केलं, साहेबांना उठवून बसवलं आणि दोन बोटं मनगटावर अलगद टेकवली. "उत्तम चाललीय," त्या म्हणाल्या. साहेबांना मात्र आता कोणाचंच ऐकायचं नव्हतं. एका हाताने विजार आणि दुसऱ्या हाताने शर्ट धरून ते वर्गाच्या मागच्या दाराने तरातरा बाहेर पडले. बाई त्यांच्या मागे गेल्या. मैदानापलीकडे त्यांची प्रयोगशाळा होती. तिथे त्यांनी साहेबांना तपासणीच्या पलंगावर निजवलं, रक्तदाब पाहिला, तो संतापाने चढला होता, म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि बजावलं, की आता बोलायचं नाही, चिडायचं नाही, नुसतं पडून राहायचं.

इकडे वर्गात काय गोंधळ झाला म्हणून हेडक्लार्क बघायला आले. त्यांनी दारातल्या मुलीला विचारलं. तिने सांगितलं ते अक्षरशः खरं होतं.

"सर नाडी बघत होते. नाडी थांबली. साहेब गेले."

हेडक्लार्कांनी हे तसंच्या तसं उचलून प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. प्राचार्य स्वभावाने इतके सावध होते, की त्यांना त्यांचं नाव विचारलं तरी 'बघून सांगतो' म्हणायचे. त्यांनी खात्री करून घेण्यासाठी सरांना बोलावलं. सर आले ते पार गळून आले होते. खुर्ची हातची गेली, साहेब चिडून निघून गेले, आता कोणत्या तोंडाने घरी जायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"साहेब गेले म्हणतात?" प्राचार्यांनी हळू आवाजात विचारलं.

"गेले," सर मान खाली घालून म्हणाले.

"तुमच्यासमोर?"

"माझ्या डोळ्यांदेखत."

"आणि बाई? त्याही तिथेच होत्या ना?"

"त्याही गेल्या. त्यांच्या मागोमाग."

प्राचार्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "दोघंही?"

"मागच्या दाराने," सर म्हणाले.

तेव्हा कुठे प्राचार्यांचा जीव निम्मा भांड्यात पडला. म्हणजे बाई जिवंत आहेत, साहेबांना घेऊन दवाखान्यात गेल्यात, असं त्यांनी मनाशी जुळवलं. त्या दाराने मैदानाच्या कडेकडेने रस्त्यावरही जाता येत होतं. ते उठून सरांजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, की मनाला लावून घेऊ नका, वेळ आली की कोणाच्या हातात काही राहत नाही. सर म्हणाले, हातातच तर होतं, माझंच चुकलं, मी उगाच दाबलं. हे ऐकून प्राचार्यांनी सरांच्या खांद्यावरचा हात हळूच काढून घेतला.

"आता खुर्चीचं काय?" सरांनी न राहवून विचारलं.

"खुर्ची कोणाचीच नसते, सर," प्राचार्य म्हणाले आणि त्यांचे डोळे पाणावले.

सर आपल्या जागी येऊन बसतात न बसतात तोच घंटा झाली आणि प्राचार्य व्हरांड्यात उभे राहून घोगऱ्या आवाजात सांगू लागले, की आपले लाडके अध्यक्ष आज आपल्याला सोडून गेले. सगळे तास बंद. शोकसभा सभागृहात.

सरांच्या हातातला चहाचा कप बशीत आडवा झाला. बाहेर पडले तेव्हा तर चांगले चालत होते! म्हणजे रस्त्यात कोसळले असणार. सरांनी बशीतला चहा परत कपात ओतला. पण माणसाचं मन मोठं वस्ताद असतं. चहा कपात गेला न गेला तोच त्या मनाने हळूच सुचवलं: म्हणजे आपलं बरोबर होतं तर! आधी धावली, मग थांबली, आणि माणूस गेला. सगळ्या वर्गासमोर बायको म्हणाली, उत्तम चाललीय. आणि खरं कोण ठरलं? साहेबांबद्दल सरांना दुःख झालं, नाही असं नाही, पण दुःख एका बाजूला बसलं होतं आणि दुसऱ्या बाजूला छाती फुगत होती. सर दोन्हीकडे आलटून पालटून बघत होते.

खात्रीसाठी त्यांनी बायकोला फोन लावला. साहेबांना नुकताच डोळा लागला होता, म्हणून बाईंनी फोन कापला आणि निरोप टाईप करून पाठवला: 'आत्ताच शांत झालेत. मी जवळ आहे. इकडे गर्दी करू नका.'

सरांनी तो निरोप प्राचार्यांना दाखवला. प्राचार्यांनी तो वाचून डोळे मिटले. हेडक्लार्कांनी वाचला. 'शांत झालेत' यापुढे विचारायला काही शिल्लकच राहत नव्हतं. गर्दी करू नका म्हटल्यावर तर कोणी जागचं हललंही नाही. सांगितलेलं इतक्या काटेकोरपणे त्या कॉलेजात प्रथमच पाळलं गेलं.

सभागृह खच्चून भरलं. प्राचार्य बोलले. साहेबांनी फरशी आणि विद्या दोन्ही घरोघर पोचवली, असं म्हणाले. हेडक्लार्क बोलले. ते म्हणाले, की साहेब मला रागावले नाहीत असा एक दिवस गेला नाही, आणि आता ते दिवस आठवतील. मग दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिले. त्या शांततेत एकाच बाईंचे हुंदके ऐकू येत होते. या संवादकौशल्य शिकवणाऱ्या मॅडम. त्या सगळ्यालाच रडत. मागे आग विझवण्याचं प्रात्यक्षिक झालं होतं, तेव्हा जळत्या खोक्याकडे बघूनही रडल्या होत्या.

याच वेळी तिकडे साहेब झोपून उठले. अंग हलकं झालं होतं, राग उतरला होता, आणि गेल्या तासाभरात आपल्याशी धड वागलेलं माणूस एकच, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. प्रयोगशाळेचं दार उघडता उघडता ते बाईंना म्हणाले, "पद तुमचं. चला, आत्ताच्या आत्ता प्राचार्यांना सांगून टाकू." बाईंनी नुसती मान हलवली. मैदान ओलांडताना त्या साहेबांच्या मागून चालत होत्या आणि त्यांना रडू येईल की काय असं वाटत होतं, इतका आनंद झाला होता. कार्यालय रिकामं होतं. सभागृहातून आवाज येत होता, म्हणून दोघं तिकडे वळले आणि मागच्या दारात उभे राहिले.

व्यासपीठावर सर होते.

सरांचं तसं बोलायचं काही ठरलं नव्हतं. पण शेवटच्या क्षणी साहेबांच्या जवळ कोण होतं, असं प्राचार्यांनी विचारलं आणि सर आपोआप उठले. सुरुवातीची दोन-चार वाक्यं बरी गेली. मग समोर एवढी माणसं, एवढी शांतता आणि रिकामी खुर्ची पाहून सरांचा तोल गेला.

"त्यांचं मनगट माझ्या हातात होतं," सर म्हणाले. "नाडी क्षीण होत होती. त्याही अवस्थेत साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'सर, माझं एक काम अपुरं राहिलं. आता हा विभाग तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या कोणाला जमणार नाही.' हे त्यांचे शेवटचे शब्द. मला पदाचा मोह नाही. पण गेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा कसा, तुम्हीच सांगा."

समोरून कोणी काही सांगेना. सरांना वाटलं, सगळे भारावले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की सगळ्या माना मागे वळल्या आहेत.

साहेब मधल्या वाटेने पुढे आले. वाटेत एका पहिल्या वर्षाच्या मुलीने पटकन त्यांचं मनगट धरलं, दोन बोटं टेकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की लागतेय. साहेबांनी हात सोडवून घेतला आणि व्यासपीठाखाली येऊन उभे राहिले.

"आणखी काय म्हणालो मी?" त्यांनी विचारलं.

"एवढंच, साहेब," सर कसेबसे म्हणाले. "मग तुम्ही गेलात."

साहेब चिडतील, आरडाओरडा करतील, असं सगळ्यांना वाटलं. पण तसं झालं नाही. साहेब पहिल्या रांगेत बसले, पाय पसरले आणि म्हणाले, कार्यक्रम अर्धवट सोडायचा नाही. आपल्यामागे कोण काय बोलतं हे ऐकणं फार थोड्यांच्या नशिबी असतं. त्यामुळे प्राचार्यांना पुन्हा बोलावं लागलं. तेच भाषण त्यांनी 'होते'च्या जागी 'आहेत' घालून केलं, आणि मग साहेबांच्या समोर ते इतकं वाढवलं की मुलींच्या माना दुखल्या. हेडक्लार्क दुसऱ्यांदा उठले, पण साहेबांच्या रागावण्याबद्दल त्यांना काहीच आठवेना.

सगळं झाल्यावर साहेब उभे राहिले. ते म्हणाले, आपण थोडा वेळ मागे उभे होतो आणि सगळ्यांच्या पाठी बघत होतो. बऱ्याच पाठी घड्याळ बघायला वाकल्या होत्या. एकच पाठ हुंदक्यांनी हलत होती. ज्या बाईंना माणूस गेल्याचं एवढं वाटतं, त्यांना माणसाच्या शरीराचं वाटणारच. म्हणून विभागाच्या प्रमुख संवादकौशल्याच्या मॅडम.

"पण साहेब," प्राचार्य सावधपणे म्हणाले, "त्यांचा विषय वेगळा आहे. आणि नाडीबाईंनी तर तुम्हाला..."

"बाई चांगल्या आहेत," साहेब म्हणाले. "पण त्या घरातलं कोणीही मला आता त्या खुर्चीत नको. उद्या मी खरोखर मेलो, तर हे गृहस्थ माझ्या तोंडात आणखी काय काय घालतील सांगता येत नाही."

संवादमॅडम व्यासपीठावर आल्या आणि पुन्हा रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी कबूल केलं, की आपल्याला या विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण काही बिघडत नाही. काळीज कुठे असतं ते सर सांगतील, काय करतं ते बाई सांगतील, आपण सही करू. टाळ्या झाल्या. सर्वात जोरात प्राचार्यांनी वाजवल्या.

कॉलेज सुटलं. सर आणि बाई नेहमीच्या रस्त्याने निघाले. रोज सर पुढे असत. आज ते बायकोच्या बरोबरीने चालायचा प्रयत्न करत होते आणि ते त्यांना जमत नव्हतं. वाटेत एक दुकान लागलं, एक बंद पेट्रोल पंप लागला. शेवटी सर, जे झालं त्याची वाईट बाजू बघू नये, निदान आता कोणाला कोणाच्या हाताखाली काम करायला नको, वगैरे काहीतरी पुटपुटले.

"साहेबांनी मला पद दिलं होतं," बाई म्हणाल्या. "मैदान ओलांडेपर्यंत ते माझं होतं."

सरांना हे माहीत नव्हतं. "मला कसं कळणार?"

"नाहीच कळणार. पद गेलं त्याचं वाटतंय मला. फार वाटतंय. पण मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करतेय." त्या थांबल्या आणि सरांकडे वळल्या. "ते शेवटचे शब्द तुम्ही मनाचेच बनवलेत ना?"

"हो," सर म्हणाले.

"तुम्हाला वाटत होतं माणूस मेलाय. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता आलं असतं. खोटंच बोलायचं होतं, तर माझं नाव घ्यायला काय झालं होतं?"

सर तिथेच उभे राहिले. एखादं बरंसं उत्तर शोधायला त्यांनी डोक्यात सगळीकडे हात फिरवला. कुठे काहीच सापडलं नाही.

"सुचलंच नाही," ते म्हणाले.

आणि दिवसभरात ते जे काही बोलले होते, त्यात तेवढं एकच खरं होतं.